गाडी घ्यायची ठरली, पण इंजिन कोणतं?

तुम्ही म्हणाल, इंजिन हा काय आपल्या साप्ताहिकात लिहायचा विषय झाला? कैरीचं लोणचं, मुलांचे डबे, पडद्यांचं कापड सोडून ही बाई सीसी आणि सिलिंडर काय घेऊन बसली? खरं सांगू, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीसुद्धा असंच म्हटलं असतं. आमच्याकडे वाटणी ठरलेली होती. गाडी घेतलीच तर रंग मी निवडायचा आणि बाकीचं सगळं ‘ह्यां’नी.

मग सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा वांगणीहून बदलापूर. जाताना रिक्षा मिळते. येताना मिळेलच असं नाही, कारण रिक्षावाल्याला वांगणीहून परतीचं भाडं मिळत नाही. चार तास सुई लावून पडून राहिलेलं माणूस बाहेर येतं तेव्हा त्याला धड उभंही राहवत नाही. जुलैतल्या एका संध्याकाळी दवाखान्याच्या पत्र्याखाली आम्ही दोघी सव्वा तास थांबलो होतो, मी उभी आणि त्या चाकांच्या खुर्चीत. पाऊस असा, की छत्री असून नसल्यासारखी. तीन रिक्षावाल्यांनी ‘वांगणी’ म्हटल्याबरोबर मान हलवली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वेळी नकोच गं यायला.” डायलिसिस नको म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी ह्यांना म्हटलं, आता गाडी घ्यायची.

झालं! घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. धाकटे दीर म्हणाले, वहिनी, डिझेल घ्या, जुनी मिळाली तरी चालेल, इंजिन दणकट असतं. हे म्हणाले, सीएनजीच, दुसरा विचार नको. समोरच्या काकांचं म्हणणं, आता इलेक्ट्रिकचाच जमाना आहे. कुणी एकानेसुद्धा विचारलं नाही की गाडी चालवणार कोण. हे सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री नऊला घरी येतात. डायलिसिसचे दोन्ही वार मधले. माझी शाळा अर्धवेळ. म्हणजे चालवणार मीच! तेव्हा मी ठरवलं की हे प्रकरण आपण नीट समजून घ्यायचं.

आपल्या आईवडिलांच्या वेळी ही डोकेदुखी नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी नाहीतर अॅम्बॅसडर, आणि तीसुद्धा नंबर लावून. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाला छोटी, मागचं दार वर उघडणारी गाडी परवडू लागली. ह्या ठेवणीच्या गाडीला हॅचबॅक म्हणतात. त्या मारुतीत इंजिन एकच, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. आवडो न आवडो, तेच. १९९८ च्या अखेरीस आपल्या पुण्याची टाटा इंडिका आली, ती डिझेलवरही मिळू लागली आणि घरोघरी पेट्रोल की डिझेल हा वाद सुरू झाला.

तो वाद आता जवळजवळ मिटला आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, ज्याला बीएस-सहा म्हणतात. त्या नियमांत बसणारं छोटं डिझेल इंजिन फार महाग पडू लागलं. मारुतीने तर डिझेल बंदच करून टाकलं. शिवाय नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी लांब पल्ल्यावर तापून धावली की ती काजळी आतल्या आत जळून जाते. घर, शाळा, बाजार अशा पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती नीट जळत नाही, जाळी तुंबते आणि खर्च निघतो. दिरांना हे सांगितलं तर म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, वाचलं.

इलेक्ट्रिकचा विचार मी मनापासून केला, कारण आमचं फिरणं थोडं. टाटांची छोटी टियागो २०२२ मध्ये बॅटरीवर आली आहे. पण आमच्या इमारतीत गाडी तळाशी उघड्यावर लागते, तिथे चार्जिंगची सोय नाही आणि सोसायटीच्या सभेत तो विषय निघाला की सगळ्यांना घरी कामं आठवतात. तुमच्याकडे खाली स्वतःचा मीटर नेता येत असेल तर मात्र तुम्ही ह्या पर्यायाचा जरूर विचार करा.

राहिले दोन, पेट्रोल आणि सीएनजी. इथे मी वही काढली. आपण दुधाचा हिशेब ठेवतो तसा हा हिशेब प्रत्येकीने स्वतः मांडावा, शेजारणीचा उतरवून घेऊ नये. समजायला सोपं जावं म्हणून पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरा. जाहिरातीतलं अॅव्हरेज धरू नका, रस्त्यावरचं धरा. पेट्रोल लिटरला १८ किलोमीटर, सीएनजी किलोला २५. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणं असेल तर पेट्रोलला साडेतीन हजारांच्या आसपास लागतील, सीएनजीला एकोणीसशे-दोन हजार. म्हणजे दीड हजार वाचले. पण सीएनजीची गाडी घेतानाच सुमारे नव्वद हजार जास्त मोजावे लागतात. महाराष्ट्रात तिचा रस्ता कर थोडा कमी आहे, पण तेवढ्याने फारसं बिघडत नाही. ते नव्वद हजार दीड-दीड हजाराने फिटायला पाच वर्षं लागतात. महिन्याला बाराशे किलोमीटर असतील तर अडीच वर्षं.

आता आमचं बघा. वांगणी-बदलापूर जाऊन-येऊन बावीस-चोवीस किलोमीटर, महिन्याला आठ-नऊ फेऱ्या, थोडा बाजार, कधी कल्याण. सगळं मिळून साडेतीनशे. म्हणजे वाचणार महिन्याला नऊशे रुपये, आणि नव्वद हजार फिटायला आठ वर्षांच्या वर. मी वही ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी दोनदा गुणाकार तपासला. गणित माझा विषय नाही, मी मराठीची बी. ए., पण घरखर्चाचा गुणाकार कुणाला चुकतो?

पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या, त्या कुणी सांगितल्याच नव्हत्या. सीएनजीची टाकी बहुतेक छोट्या गाड्यांत डिकीत असते. आमच्याकडे चाकांची खुर्ची! ती ठेवायची कुठे? टाटांनी २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवल्या, त्याने वर थोडी जागा राहते. पण दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं. नियम योग्यच आहे. आपल्या कुकरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या दोनशेपट दाबाने तो वायू टाकीत भरतात. पण डायलिसिस करून आलेल्या बाईला पावसात खाली उतरवायचं आणि पंपाच्या आडोशाला बसवायचं? एकदा मुद्दाम सकाळी साडेसातला बदलापूरच्या पंपावर जाऊन मी रांग मोजली. माझ्यापुढे अठरा रिक्षा होत्या.

जाता जाता सांगते, आपल्या गॅसच्या शेगडीचा सिलिंडर आणि हा सीएनजी ह्यांत गल्लत करू नका. घरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो. घरचा सिलिंडर गाडीला जोडणं हा तर गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. ज्यांची गाडी सीएनजीवर आहे त्यांनी टाकीची दाब-तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी, तिची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. आपण औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो, ही नाही बघत.

ह्याचा अर्थ सीएनजी वाईट असा मुळीच नाही. माझ्या शाळेतल्या एक बाई रोज मुरबाडकडे जातात-येतात, त्यांनी सीएनजी घेतली आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांचे किलोमीटर वेगळे.

पेट्रोल ठरलं, पण प्रश्न संपला नव्हता. आम्ही वॅगन आर बघत होतो. ही गाडी १९९९ च्या डिसेंबरात आपल्याकडे आली आणि तिची उंची हाच तिचा गुण. साडी नेसून चढता-उतरता येतं, वाकावं लागत नाही, आणि खुर्चीतून उठवलेलं माणूस सीटवर सरळ टेकवता येतं. लहान, बसक्या गाडीत सासूबाईंना खड्ड्यात सोडल्यासारखं सोडावं लागतं. पण ह्या एकाच गाडीत दोन पेट्रोल इंजिनं मिळतात. एक ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं. दुसरं ११९७ सीसीचं, चार सिलिंडरचं. तीन बायका एका उखळात मुसळ घालतात आणि चार बायका घालतात, तसा हा फरक. चौघींत कुणा एकीवर भार पडत नाही आणि ठोक्यांमधली खळ कमी होते. तीन सिलिंडरचं इंजिन गाडी उभी असताना किंचित थरथरतं, हात स्टिअरिंगवर ठेवला की कळतं. गाडी पळायला लागली की विसरायला होतं.

११९७ हा आकडा असा विचित्र का, हे मला फार दिवस कोडं होतं. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या गाडीची व्याख्या केली. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी. मग काय, सगळे कारखानदार ११९७ आणि ११९९ वर येऊन थांबले! सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी अठरा टक्क्यांवर आला तोही ह्याच मापाच्या गाड्यांना. आम्ही त्याच्या वर्षभर आधीच घेऊन बसलो होतो, असो.

शोरूममधला अनुभव मात्र सांगायलाच हवा. मी विचारलं, दोन्ही इंजिनांच्या ताकदीत फरक किती? विक्रेत्या मुलाने उत्तर दिलं ते ह्यांच्याकडे बघून. “सर, मॅडमना छोटंच बरं पडेल.” मी परत विचारलं. त्याने परत ह्यांच्याकडे बघितलं. शेवटी हे म्हणाले, “अरे बाबा, मला गाडी येतच नाही. चालवणार त्या.” मग माहितीपत्रक माझ्या हातात आलं. ९९८ ला ६७ अश्वशक्ती, ११९७ ला ९०. तेच छोटं इंजिन सीएनजीवर चालवलं की ५७. वायू जागा जास्त व्यापतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते आणि जोर उतरतो. अॅव्हरेज म्हणाल तर कागदावर छोट्याचं २४.३५ आणि मोठ्याचं २३.५६. एक किलोमीटरचाही फरक नाही. मोठं इंजिन म्हणजे पेट्रोल पिणारं, ही समजूत मी तिथेच सोडून दिली.

शोरूमवाले सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरची फेरी मारून आणतात. त्यावरून काही कळत नाही. भाजी चाखल्याशिवाय मीठ कळतं का? आम्हाला वर्षातून एकदा तरी ओतूरला गावच्या घरी जायचं असतं, म्हणजे मुरबाडवरून माळशेज घाट. सासूबाईंना ते घर बघायचं होतं. डायलिसिसच्या दोन वारांच्या मध्ये जाऊन यायचं, गाडीत पाच माणसं आणि खुर्ची. तेव्हा घाटात चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असं मी ठरवलं. माझ्या भावाकडे छोट्या इंजिनाची सीएनजीवाली वॅगन आर होती आणि शाळेतल्या एका सहशिक्षिकेकडे मोठ्या इंजिनाची. दोन रविवार दोघांच्या गाड्या मागून घेतल्या आणि गेले नेरळच्या घाटात. वांगणीकरांना हा घाट अंगणातला. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत, त्याच्या पुढे गाड्यांना बंदी आहे. जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, पण चढ आणि वळणं अशी, की गाडीचं पोट दिसतं. बरोबर भाऊ, नणंद, दोन्ही मुलं, आणि सासूबाईंच्या ऐवजी पन्नास किलो तांदळाचं पोतं. नणंद त्या पोत्याला वाटभर “आई, नीट बसा” म्हणत होती.

पहिल्या रविवारी भावाची गाडी. खालचे दोन चढ ठीक गेले. मग एका वळणावर पुढची टॅक्सी थांबली आणि मलाही थांबावं लागलं. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला, गाडी मागे सरकली आणि बंद पडली. मागे आणखी एक टॅक्सी. छातीत धस्स झालं. भाऊ म्हणाला, “ताई, ते बटण दाब, पेट्रोलवर घे, एसी बंद कर.” दाबलं, हाफ क्लचवर धरलं, रेस दिली आणि निघाली. सीएनजीवाल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं, घाट सुरू होण्याआधीच पेट्रोलवर घ्यावं. पण वरपर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करून माझा डावा पाय भरून आला. दुसऱ्या रविवारी मोठं इंजिन. तेच वळण, तेवढीच माणसं, तेच पोतं. दुसऱ्या गिअरवर एसी चालू ठेवून गाडी चढली. थांबून परत निघतानाही तिने कुरकुर केली नाही. पायाला कळतं हो, पुस्तकात वाचायला नको.

त्या वळणावर बंद पडले तेव्हा मला एका बाईची आठवण झाली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरावर किलोमीटर. त्याआधी एवढा लांब मोटारीने कुणी गेलं नव्हतं. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. पण चढावर गाडी चढेना, मुलांनी उतरून ढकलली. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं आणि चढासाठी आणखी एक गिअर गाडीत आला. म्हणजे हा पहिल्या गिअरचा शोध एका आईच्या तक्रारीतून लागला म्हणायचा! कारखानदारांनी बायकांना विचारायची पद्धत नंतर मोडली असावी.

घाट उतरण्याबद्दलही सांगते, कारण मला ते कुणी शिकवलं नव्हतं. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. इंजिनच गाडीला मागे धरतं. सारखा ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात आणि मग लागेनासे होतात.

क्लच नसलेल्या गाडीचाही विचार झाला. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत बहुतेक ती एएमटी असते, म्हणजे गिअर साधेच, पण क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. २०१४ मध्ये सेलेरिओतून ही सोय छोट्या गाडीत आली. गिअर बदलताना ती एक डुलकी घेते, त्या वेळी पाय किंचित उचलला तर डुलकी कमी होते. कल्याणच्या गर्दीत ती वरदान वाटेल. ज्यांचा डावा गुडघा दुखतो त्यांनी नक्की घ्यावी. माझा अजून दुखत नाही आणि पैसे वाचवायचे होते, म्हणून मी साधे गिअर ठेवले.

एक गोष्ट मात्र आमच्या गावाच्या माणसाने विसरून चालणार नाही. उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते तुम्ही दूरदर्शनवर पाहिलं असेल. आम्ही गच्चीवरून पाणी बघत होतो. इंजिन कोणतंही असो, त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं की संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. तेव्हा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघू नका, कितीही मोह झाला तरी. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिनाच्या संरक्षणाचा जादा विमा वेगळा घ्यावा लागतो. आम्ही तो घेतला. सीट कव्हरं घेतली नाहीत, जुन्या चादरींची शिवली.

गाडीला आता दीड वर्ष झालं. नंबर एम एच ०५, रंग ह्यांनी निवडला. बदलापूरच्या रस्त्यावर मला लिटरला सतरा-अठरा मिळतात, घाटात बारा-तेरा. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, त्याने थोडं कमी झाल्यासारखं वाटतं. पत्र्याखाली उभं राहणं संपलं. खुर्ची डिकीत आडवी बसते, वर भाजीची पिशवीही मावते.

गेल्या दिवाळीनंतर ओतूरला जाऊन आलो. सासूबाई मागे उशीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्या. माळशेजच्या चढावर मी चौथ्या गिअरवरच गाडी रेटत होते, एवढ्यात मागून आवाज आला, “तिसऱ्यात घे गं, कण्हतंय ते.”